एसबीएफचा पीएच लावलात, पण कुठल्या तापमानाला?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली तीच तीच कमेंट येतेय: "ताई, बायोग्लास एसबीएफमध्ये ठेवला, आठवडा उलटला, वर काहीच जमलं नाही." बायोग्लास म्हणजे हाडाला जोडली जाणारी काच. ती एसबीएफ नावाच्या द्रवात ठेवून वर हाडासारखं खनिज जमतं का, ते या चाचणीत बघतात. काचेला दोष देण्याआधी तुमचा पीएच बघू.

बेसिक पटकन उरकते. एसबीएफ म्हणजे सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड, क्योटोच्या तादाशी कोकुबो यांनी १९९० साली मांडलेलं. रक्तातल्या प्लाझ्मासारखे क्षार: लिटरला २.५ मिलिमोल कॅल्शियम, १ मिलिमोल फॉस्फेट. बायकार्बोनेट मात्र बरंच कमी. काच त्यात बुडवली की सोडियम बाहेर पडतं, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर उरतो, त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट बसतं आणि हळूहळू त्याचं कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सीअॅपेटाइट होतं. हाडातल्या खनिजाच्या अगदी जवळचं. झालं बेसिक.

आता पीएच. ७.४० हवा हे सगळ्यांना पाठ असतं. कुठल्या तापमानाला? ३६.५ अंशाला! एसी लावलेल्या खोलीत, २५ अंशाला नाही. आपण बफर म्हणून, म्हणजे पीएच स्थिर ठेवायला, ट्रिस नावाची पावडर वापरतो आणि ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०३ने घसरतो. म्हणजे खोलीत ७.४० लावलेलं पाणी इन्क्युबेटरमध्ये गेलं की ७.१च्या आसपास येतं. तिथे अॅपेटाइटला खाली बसायची घाई उरत नाही, आणि तुम्ही मला लिहिता की काच खराब आहे.

उलट बाजूने बघा. ३६.५ला बरोबर लावलेलं एसबीएफ गार झाल्यावर मीटर ७.७च्या घरात दाखवतो. मग कुणीतरी काळजीने त्यात अॅसिड टाकतं. अहो, नका टाकू! एका लॅबमध्ये हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. बाटलीवर तारीख होती, नाव होतं, तापमान लिहिलेलं नव्हतं. मी बोलले तर उत्तर आलं, "आमच्याकडे असंच करतात." असो.

आणि तिसरं म्हणजे ट्रिस ओतायची घाई. बीकर वॉटर बाथमध्ये ३६.५ला, स्टिरर चालू, ट्रिस चिमूट चिमूट. विरघळलं की मगच पुढची चिमूट. भसकन टाकलंत तर तेवढ्याच जागी पीएच चढतो आणि कॅल्शियम फॉस्फेट तिथेच साका होऊन खाली बसतं. मुळात हे पाणी अतिसंपृक्त आहे, म्हणजे त्यात मावतील त्याहून जास्त क्षार विरघळलेले आहेत, त्याला निमित्तच हवं असतं. म्हणून भांडं प्लॅस्टिकचं घ्या. काचेवरचा ओरखडाही निमित्त होतो. गढूळ झालं तर गाळून वापरू नका, सरळ फेकून द्या. मीटरसुद्धा त्याच तापमानाच्या, पीएच माहीत असलेल्या प्रमाणित बफरने कॅलिब्रेट करा.

एकाने विचारलंय, "त्यापेक्षा सलाइन वापरलं तर?" दादा, सलाइनमध्ये कॅल्शियम नाही, फॉस्फेट नाही. अॅपेटाइट येणार कुठून?

दुसरी कमेंट: "म्हणजे बाटलीत हाड तयार होतं का?" नाही हो! ना पेशी, ना कोलेजन. फक्त खनिजाचा थर. आणि थर आला म्हणजे शरीरात हाड चिकटेलच, असंही नाही. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हाडाला जोडलं जातं, तरी एसबीएफमध्ये बऱ्याचदा कोरंच राहतं. २००९ मध्ये बोनर आणि लमेत्र या संशोधकांनी एसबीएफच्या या चाचणीवर चांगलीच टीका केली होती. थंबनेलवर "लॅबमध्ये हाड उगवलं" लिहिणाऱ्यांनी ती वाचावी.

आणि ज्यांनी मला काचेवर जमलेल्या पांढऱ्या गोळ्यांचे एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो पाठवलेत, त्यांना एकच विचारते: नमुना आडवा ठेवला होता का? मग वरच्या बाजूला वरून पडलेला साकाही असू शकतो. नमुना खालून मोकळा राहील असा टेकवा आणि एसईएमला खालची बाजू द्या.