"ताई, हे काय लिहिलंय?"

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी रिपोर्ट घेऊन उभं राहायला नको. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका केंद्रात मी समुपदेशक आहे. माझी खोली डॉक्टरांच्या केबिनला लागून. आतून बाहेर पडलेलं जोडपं माझ्याकडे येतं, पाणी पितं, फाईल टेबलावर सरकवतं आणि विचारतं, "ताई, हे काय लिहिलंय?" आत विचारलेलं नसतं. विचारलं तर आपण अडाणी ठरू, ही भीती इंजिनिअरलाही असते आणि अंगणवाडीताईलाही. म्हणून आज बोलायचंय ते उपचारांपेक्षा त्या फाईलमधल्या शब्दांबद्दल.

सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द आधी घेऊ. टेस्ट ट्यूब बेबी. नळीत बाळ वाढत नाही. तिथे असते एक उथळ बशी, तळहातावर मावेल एवढी. याचं वैद्यकीय नाव आयव्हीएफ, त्यातल्या 'इन व्हिट्रो'चा अर्थ नुसता 'काचेत', आणि आता तर ती बशीही प्लॅस्टिकची असते. स्त्रीबीज आणि शुक्राणू तिथे एकत्र येतात, भ्रूण तीन ते पाच दिवस तिथे राहतो, पुढचं सगळं पोटातच. पण नाव पडलं ते पडलं. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली तेव्हापासून ते चिकटलंय. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा झिडकारला, आणि १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. देशातली पहिली म्हणून नोंद झाली ती ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलीची, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांचं ते काम. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचली आणि पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. आपल्या नावावरची नोंद आपल्याच हाताने खोडणारा माणूस मला फार मोठा वाटतो. असो, विषय सुटला.

लोक हमखास एकमेकांत मिसळतात अशी तीन नावं आहेत. आययूआयमध्ये स्त्रीबीज बाहेर येतच नाही. वीर्य लॅबमध्ये धुऊन बारीक नळीने गर्भपिशवीत सोडतात, बाकीचं आतल्या आत. आयव्हीएफमध्ये बीजं बाहेर काढून बशीत त्यांच्याभोवती शुक्राणू सोडतात. इक्सी म्हणजे आयव्हीएफच, फक्त एकच शुक्राणू सुईत घेऊन थेट बीजात सोडायचा. १९९२मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी या पद्धतीने राहिलेली पहिली गर्भधारणा जाहीर केली. यातलं काहीही म्हणजे सरोगसी, दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवणं, नव्हे. "म्हणजे पोर दुसऱ्याचं ना?" असं एका सासूबाईंनी मला विचारलं होतं. दात्याचं बीज घेतलं तर ते फाईलमध्ये वेगळं लिहितात, त्याची लेखी संमती असते. या उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्यानुसार स्त्रीबीज देणारी बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. चोरून, न सांगता यातलं काही व्हायला नको.

इक्सीवरून पुरुषांकडे येते. 'वांझ' हा शब्द आपण बाईलाच लावतो. पुरुषासाठी काय आहे? नामर्द, नपुंसक. पण ते शब्द वेगळ्याच गोष्टीबद्दल आहेत. शयनघरात सगळं व्यवस्थित असलेल्या माणसाचे शुक्राणू कमी असू शकतात, आणि उलटही असतं. भाषेत मधला शब्दच नाही म्हणून नवऱ्याला रिपोर्टवरचं 'ऑलिगो' थेट 'नामर्द' असं ऐकू येतं. मी एक गोष्ट नेहमी बघते. बायकोची फाईल दोन इंच जाड, सोनोग्राफ्या, रक्ताचे कागद, सगळं तारखेवार. नवऱ्याचा एकच कागद, तो फाईलमध्ये नसतो. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात असतो, घामाने ओलसर झालेला. तो उलगडून घ्यायलाच मला दहा मिनिटं लागतात.

तर ऑलिगो म्हणजे संख्येने कमी, अस्थेनो म्हणजे चाल मंद, टेराटो म्हणजे आकारात दोष, आणि अझूस्पर्मिया म्हणजे वीर्यात एकही न दिसणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू हा खालचा आकडा दिलाय. ती पास-नापासची रेघ नव्हे. ज्यांच्या घरी वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांची तपासणी केली, आणि त्यातले शंभरातले पाच या आकड्याच्या खाली निघाले. खाली असूनही ते बापच झाले होते.

बायकांना घाबरवणारं अक्षर म्हणजे एएमएच, रक्तात मोजतात ते एक संप्रेरक. "कमी आलंय, म्हणजे अंडी संपली का?" नाही. साठा किती उरलाय याचा तो अंदाज असतो. बीज चांगलं की वाईट हे तो सांगत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत आपसूक दिवस राहतील की नाही, हेही नाही. दुसरी भीती अशी की इंजेक्शनं घेऊन दहा बीजं काढली तर साठा लवकर संपेल. दर महिन्याला बीजांचा एक घोळका पुढे येतो, त्यातलं एक पिकतं आणि बाकीची वाया जातात. इंजेक्शनं त्या वाया जाणाऱ्यांनाच वाढवतात.

मग येतं 'ट्रिगर'. पिकत आलेल्या बीजांना शेवटचा धक्का देणारं इंजेक्शन. यात वेळ पाळावीच लागते, कारण बीजं काढायची ती साधारण ३४ ते ३६ तासांनी. सोमवारी रात्री साडेदहाला टोचलं तर बुधवारी सकाळी साडेनऊला टेबलावर. मागे एक जोडपं इंजेक्शन थर्मासमध्ये बर्फावर ठेवून एसटीने गावी निघालं होतं, आणि घाटात गाडी बंद पडली. त्या पोरीने ते गाडीतच टोचून घेतलं, कंडक्टरने मोबाईलचा उजेड धरला. साडेदहा म्हणजे साडेदहा. याच इंजेक्शनात बऱ्याचदा एचसीजी हे संप्रेरक असतं, आणि गरोदरपणाची पट्टी तेच शोधते. म्हणून घाईने घरी टेस्ट केली तर खोटी दुसरी रेघ उमटते. पेढे वाटून झालेले मी पाहिलेत.

आता आकडे. उदाहरण धरा: सोनोग्राफीत १२ पुटिका, म्हणजे बीज वाढतं त्या बारीक पिशव्या, दिसल्या. बीजं मिळाली १०. पिकलेली ८. शुक्राणूशी जुळून फळली ६. पाचव्या दिवसापर्यंत टिकले ३ भ्रूण, त्यालाच ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आत सोडला १. बाई प्रत्येक पायरीवर रडते, जणू तिच्याच हातून काहीतरी सांडतंय. देवगडकडच्या एका आंबेवाल्याला मी हे सांगत होते, तर तो बायकोला म्हणाला, "अगो, मोहोर किती नि आंबे किती!" मला तीन वर्षांत जमलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात केलं.

आणि हाच हिशेब रस्त्यावरच्या फलकांना लावा. 'यशाचं प्रमाण' एवढं तमुक टक्के. कशाच्या शंभरात? इंजेक्शनं सुरू केलेल्या शंभर बायकांत, की भ्रूण सोडण्यापर्यंत पोचलेल्या शंभरात? ज्यांची बीजंच मिळाली नाहीत त्या दुसऱ्या हिशेबातून गळून जातात. आणि यश कशाला म्हणायचं? रक्तात बीटा, म्हणजे तेच एचसीजी, पॉझिटिव्ह आला, हृदयाचे ठोके दिसले, की बाळ घरी आलं? बीटा वाढून आठवड्याभरात उतरला तर कागदावर 'बायोकेमिकल प्रेग्नन्सी' लिहितात. काही फलकांवर तीही यशातच मोजलेली असते. पॅकेजचे पैसे भरण्याआधी हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर लिहून मागा.

शेवटचा शब्द आठवड्यांचा. एक नवरा तणतणत आला. "मॅडम, ट्रान्सफर होऊन बारा दिवस झाले आणि यांनी चार आठवडे तीन दिवस लिहिलंय. वरचे एकोणीस दिवस कुणाचे?" चेहरा असा की पुढचं बोलवेना. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. पाच दिवसांचा भ्रूण सोडला की त्याच दिवशी दोन आठवडे पाच दिवस धरतात, कारण बीज काढलं तो दिवस चौदावा मानतात, असं बोटाने घरं मोजत समजावू लागले. त्याची आई दारात उभी होती, नऊवारीतली, पिशवी सांभाळत. ती म्हणाली, "पाळीपास्नंच मोजत्यात की रं. तुझ्या येळंला बी तसंच मोजलं हुतं. चल, पोरीला भूक लागली असंल."