केप्लर : आठ कला आणि एक खटला

(दृश्य : रात्र. पाद्र्याच्या घराचं दार उघडतं. दोघं जण एक लाकडी पेटी उचलून बाहेर आणतात.)

७ ऑगस्ट १६२०. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग संस्थानातलं हॉयमाडेन गाव. भल्या रात्री शिपाई एका पाद्र्याच्या घरात शिरतात, तिथं लेकीकडे राहायला आलेल्या म्हातारीला उठवतात आणि कपड्यांच्या पेटीत घालून बाहेर काढतात. गावात बोभाटा व्हायला नको ना, म्हणून पेटी. म्हातारीनं सत्तरी ओलांडलेली आहे. आरोप चेटकाचा. नाव काथारिना केप्लर.

तिचा थोरला मुलगा त्या वेळी दूर ऑस्ट्रियात, लिंझमध्ये होता. योहानेस केप्लर, सम्राटाचा राजगणिती. ग्रहांच्या गतीचे तीन नियम त्याच्या नावावर आहेत आणि शाळेत ते आपण सगळ्यांनीच घोकलेत. ते शोधले जात असताना त्याच्या घरात काय चाललं होतं, ते मात्र धड्यात येत नाही.

(दृश्य : टेकडी, संध्याकाळचं आकाश.)

योहानेसचा जन्म २७ डिसेंबर १५७१चा, वाइल डेर श्टाट या छोट्या गावातला. बाप भाडोत्री सैनिक. कधी घरी, कधी युद्धावर. पुढे एकदा गेला तो परतलाच नाही. आई खानावळवाल्याची मुलगी. झाडपाल्याची औषधं द्यायची, जिभेनं तिखट होती. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू आला, तेव्हा सहा वर्षांच्याही आतल्या पोराला उंचावर नेऊन तो दाखवला तो हिनंच. देवीच्या आजारानं पोराची नजर कायमची अधू झाली होती. म्हणजे आकाशाचा नवा हिशेब मांडणाऱ्या माणसाला आकाश कधी नीट दिसलंच नाही.

त्याला व्हायचं होतं पाद्री. ट्युबिंगनला तो धर्मशास्त्रच शिकायला गेला. तिथं मायकेल मेस्टलिन या गुरूनं त्याला कोपर्निकसची ओळख करून दिली. शिक्षण पुरं व्हायच्या आतच, १५९४ साली, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून त्याची रवानगी झाली. सुरुवातीला त्याला हे रुचलं नव्हतं. वर्षभरानं मात्र त्यानं मेस्टलिनला लिहिलं : मला धर्मशास्त्रज्ञ व्हायचं होतं, बराच काळ मी बेचैन होतो; पण आता पाहा, माझ्या खटपटीतून खगोलशास्त्रातही देवाचा महिमा गायला जातोय. हे पत्र नुसतं वरवरचं भाविक नाही. जग देवानं मोजूनमापून घडवलंय, म्हणून ते मापात सापडलंच पाहिजे, असं त्याचं सरळ गणित होतं.

ग्राझमध्येच लग्न झालं. बार्बरा म्युलर, तेविशीतच दोनदा विधवा झालेली, पदरी रेगिना नावाची मुलगी. पहिली दोन मुलं तान्ही असतानाच गेली. दुसरं गेलं १५९९ साली. तोवर ग्राझमध्ये कॅथलिक राजवटीचा फास आवळत आला होता. लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, केप्लरनं लेकीच्या दफनासाठी कॅथलिक पाद्र्याला बोलावलं नाही म्हणून त्याला दंड झाला. विनंतीवरून अर्धा माफ केला. उरलेला भरल्याशिवाय मूठमाती देऊ दिली नाही. पुढच्याच वर्षी फर्मान निघालं : धर्म बदला, नाहीतर शहर सोडा. केप्लरनं शहर सोडलं. दोन गाड्यांत संसार भरून तो प्रागला सम्राटाचा ज्योतिर्विद टायको ब्राहे याच्याकडे गेला.

(दृश्य : प्राग. नकाशे, आकड्यांचे तक्ते.)

आता मंगळाकडे वळू. इथं जरा थांबायला हवं.

दुर्बीण अजून आली नव्हती. नुसत्या डोळ्यांनी टायकोइतकी बिनचूक निरीक्षणं तोवर कुणी केलेली नव्हती. १६०१ साली टायको वारला आणि त्याच्या वह्या केप्लरच्या हाती आल्या. मंगळाची कक्षा वर्तुळ धरून केप्लरनं एक मांडणी उभी केली. वर्षानुवर्षांची आकडेमोड, तीही हातानं. बरीचशी जुळली. एके ठिकाणी गणितातला मंगळ आणि टायकोनं पाहिलेला मंगळ यांत फरक आला ८ कलांचा. एका अंशाच्या ६० कला होतात. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण ३१ कलांचा दिसतो. त्याची एक चतुर्थांश रुंदी म्हणजे हा फरक.

दुसरा कुणी असता तर निरीक्षणातली चूक म्हणून त्यानं तो गिळला असता. आधीच्या ज्योतिर्विदांना एवढा फरक चालतही असे. केप्लरला चालला नाही, आणि का चालला नाही हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाची कृपा आहे, तेव्हा हे दान कृतज्ञतेनं स्वीकारून त्याचा उपयोग केला पाहिजे. ८ कलांकडे काणाडोळा करणं म्हणजे देवाच्या देणगीला नाकारणं. वर्तुळ मोडलं. १६०९ साली ‘अस्ट्रोनोमिया नोव्हा’ हा ग्रंथ आला आणि मंगळ लंबवर्तुळात फिरू लागला. श्रद्धा आणि विज्ञान यांचं भांडण लावायला आपल्याला फार आवडतं. इथं तरी श्रद्धेनंच आकड्यांत लबाडी करू दिली नाही.

घरी बार्बराला प्राग कधीच मानवलं नाही. तिला ऑस्ट्रियाची ओढ. संसार काही गोडीगुलाबीचा नव्हता. हा गणितात बुडालेला असताना ती घरातलं काहीबाही विचारायची, हा चिडायचा आणि मग स्वतःलाच दोष द्यायचा; हेही त्यानंच लिहिलंय. पण तिच्यासाठी त्यानं लिंझमध्ये नोकरीची खटपट केली. नोकरी ठरत आली आणि १६११ उजाडलं. फेब्रुवारीत सहा वर्षांचा फ्रीडरिश देवीनं गेला. जुलैमध्ये बार्बरा गेली. मागं दोन मुलं उरली. पुढच्या वर्षी तो लिंझला गेला.

(दृश्य : लिंझ. चर्चचा दरवाजा.)

लिंझमध्ये त्याच्याच पंथाच्या पाद्र्यानं त्याला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीतून, वगळलं. कारण असं : लुथरपंथी सिद्धान्तपत्रातला एक मुद्दा त्याला पटत नव्हता. ख्रिस्ताचं शरीर सर्वत्र उपस्थित असतं, हा तो मुद्दा. त्या बाबतीत कॅल्व्हिनपंथीयांचं, म्हणजे दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं, म्हणणं त्याला अधिक सयुक्तिक वाटे, आणि त्यांचा धिक्कार करायला तो तयार नव्हता. बिनशर्त सही कर, म्हणाले. त्यानं केली नाही. वरिष्ठांकडे दाद मागितली, तीही फेटाळली गेली. कॅथलिक होत नाही म्हणून एका शहरानं हाकललं, पुरेसा लुथरपंथी नाही म्हणून दुसऱ्या शहरात आपल्यांनीच दाराबाहेर ठेवलं. सही करून मोकळं होणं सोपं होतं. पण ८ कला ज्याला गिळता आल्या नाहीत, त्याला हे कसं गिळता येणार? तीन पंथांनी मिळून सत्याचे तुकडे केलेत आणि ते सापडतील तिथून मला गोळा करावे लागतात, असं त्यानं पुढे लिहिलं.

१६१३ साली त्यानं सुझाना रॉयटिंगरशी दुसरं लग्न केलं. त्याआधी अकरा स्थळं पाहिली आणि प्रत्येकीचे गुणदोष एका पत्रात तपशीलवार मांडले. आज ते वाचताना हसू येतं. लग्नासाठी आणलेल्या वाइनचं माप दुकानदार पिंपात तिरकी काठी घालून काढतो, हे पाहून त्याला राहवलं नाही, आणि त्यातून पिंपांच्या घनफळावर एक पुस्तकच झालं. ही बायको त्याला लाभली.

पण मुलं जातच राहिली. १६१७ साली सुझानाची थोरली मुलगी गेली. त्याच वर्षी लग्न होऊन सासरी गेलेली रेगिनाही गेली. फेब्रुवारी १६१८ मध्ये तान्ही काथारिना, आजीचं नाव ठेवलेली. ग्रहांच्या तक्त्यांच्या कामाला शांत मन लागतं, ते माझ्यापाशी नाही, म्हणून विश्वाच्या सुसंवादाच्या विचाराकडे वळलो, असं तो म्हणतो. त्यानंतर तीनेक महिन्यांनी, १५ मे १६१८ रोजी, तिसरा नियम पक्का झाला : ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचं अंतर पृथ्वीच्या ५.२ पट, त्याचा घन १४०.६. गुरूचं वर्ष आपल्या ११.८६ वर्षांचं, त्याचा वर्ग १४०.७. हा नियम ज्या ग्रंथात आहे, त्याच्या शेवटच्या भागात केप्लरनं चक्क प्रार्थना लिहिली आहे.

(दृश्य : न्यायालयाची दप्तरं, वळणदार जर्मन हस्ताक्षर.)

आणि आई? १६१५ साली लिओनबर्गच्या उर्सुला राइनबोल्ड या बाईनं ओरड केली, की काथारिनानं आपल्याला कडू काढा पाजला आणि तेव्हापासून आपण आजारी आहोत. एकीचं ऐकून इतरांनाही आठवू लागलं. शाळामास्तर लंगडा झाला तो तिच्या पेयानं. विटा वाहणाऱ्या पोरीचा हात दुखला तो ती जवळून गेली म्हणून. काथारिनानंही काही कमी केलं नाही. न्यायाधिकाऱ्याला चांदीचा पेला देऊ केला. एकदा तर मुलासाठी चांदीनं मढवलेला प्याला करावा म्हणून तिनं थडगं खोदणाऱ्याकडे आपल्या बापाची कवटी मागितली होती. अशा आईचा खटला लढवणं सोपं नव्हतं.

धाकटा मुलगा क्रिस्टोफ बदनामीला भिऊन अंग काढून घेऊ लागला. योहानेसनं तीस वर्षांच्या युद्धाची धामधूम चालू असताना बायकोमुलांना रेगेन्सबर्गला ठेवलं आणि तो स्वतः व्युर्टेंबर्गला गेला, वर्षभरासाठी. आईला साखळीनं बांधलं होतं, आणि पहारेकऱ्यांचा खर्चही तिच्याच मिळकतीतून. त्यानं एकेका साक्षीची चिरफाड केली. मास्तर लंगडा झाला तो खंदक ओलांडताना पडल्यामुळे. पोरीचा हात दुखला तो फार विटा वाहिल्यामुळे. शंभराहून अधिक पानांचं बचावपत्र तयार झालं. न्यायालयाच्या कारकुनानं नोंद केली : कैदी हजर, ‘दुर्दैवानं’ तिचे चिरंजीव गणिती योहानेस केप्लर यांच्यासह. वैताग अगदी कागदावर उतरलाय.

त्याच्या मनाला आणखी एक सल होता. ‘सोम्नियम’ नावाची चंद्रप्रवासाची कथा त्यानं लिहिली होती. तिच्यातली आई जडीबुटी विकते आणि भुतांशी बोलते. हस्तलिखित हातोहात फिरलं होतं. त्यातूनच या कुजबुजीला खतपाणी मिळालं असावं, असं त्याला वाटत राहिलं.

सप्टेंबर १६२१ मध्ये काथारिनाला छळाच्या हत्यारांपुढे उभं केलं. ती म्हणाली, माझ्या अंगातली एकेक शीर उपसून काढा, माझ्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही. १४ महिन्यांच्या कैदेनंतर ती सुटली. एप्रिल १६२२ मध्ये वारली.

ग्रहांचे तक्ते १६२७ साली उल्ममध्ये छापून झाले. राजदरबाराकडे पगाराची थकबाकी हजारोंच्या घरात होती. तिच्याच मागं रेगेन्सबर्गला गेलेला केप्लर तिथंच १५ नोव्हेंबर १६३० रोजी तापानं वारला. युद्धात त्याचं थडगंही राहिलं नाही. जवळजवळ एका वर्षानं, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी, पॅरिसमध्ये पिएर गासेंदीनं सूर्यबिंबावरून सरकणारा बुधाचा काळा ठिपका पाहिला. दिवस केप्लरनं आधीच सांगून ठेवला होता.

सुझाना मात्र पोराबाळांसह उघड्यावर पडली होती. ‘सोम्नियम’ची छपाई सुरू झाली होती. केप्लर गेल्यावर ते काम जावई याकोब बार्ट्शनं हाती घेतलं. तोही १६३३ साली वारला. मग सुझाना ती अर्धवट छापलेली पानं घेऊन सावत्र मुलगा लुडविगकडे गेली. लुडविग वैद्य होता, आणि घाबरला होता : या पुस्तकाच्या कामात बाप गेला, मेहुणा गेला. तरी त्यानं पुस्तक पुरं केलं. १६३४ साली ते छापून आलं, बापाच्या २२३ टिपांसह.