सुईण कुठून यावी?

(परिचारिका प्रशिक्षण विद्यालयातील विद्यार्थिनींसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

मुलींनो, आज ५ मे, आंतरराष्ट्रीय सुईण दिन. मी तुम्हाला एका बाळंतपणाबद्दल सांगणार आहे.

नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक मेळघाटात झाली. एका रात्री तिथल्या कोरकू आदिवासींपैकी एक मुलगी आली, पहिलटकरीण. आम्ही तिला टेबलावर उताणं झोपवलं आणि मराठीतून ओरडत राहिलो, 'जोर लाव', 'आता नको लावू'. तिला काही कळेना. ती उतरून उकिडवी बसायला बघायची, आम्ही तिला पुन्हा वर चढवायचो. शेवटी वॉर्ड झाडणाऱ्या मावशी आत आल्या. त्या कोरकू होत्या. पाठीवरून हात फिरवत त्या तिच्याशी तिच्या भाषेत हळू बोलत राहिल्या. मुलीचा श्वास जागेवर आला, अंग सैल पडलं. अर्ध्या तासात बाळ बाहेर. नंतर चहा पिताना कळलं, मावशींची आई दाई होती आणि लग्नाआधीपासून मावशी तिच्याबरोबर बाळंतपणांना जात होत्या. दोन वर्षं आम्ही एकाच छताखाली काम करत होतो. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांच्या हातात झाडू का होता, हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही.

तुम्ही आकडे शिकता. २०१८-२० मध्ये देशात १ लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३, केरळात १९, आसामात १९५. महाराष्ट्राचे ३३ ऐकून बरं वाटतं. पण ही सरासरी आहे. पुण्याची बाई आणि मेळघाटातल्या धारणीच्या पाड्यावरची बाई या सरासरीत एकाच रांगेत उभ्या राहतात. ऊसतोडीला गेलेली बीडची बाई तर सहा महिने फडावर असते, तिचं गरोदरपणाचं कार्ड गावातल्या उपकेंद्रात.

बाई दगावते ती तीन उशिरांमुळे, हे तुमच्या पुस्तकात आहे. निर्णयाला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचाराला उशीर. दुसऱ्यासाठी रस्ता आणि गाडी लागते, तिसऱ्यासाठी रक्त आणि डॉक्टर. पहिला उशीर मात्र घरात होतो. मागच्या खेपेला कोणीतरी अंगावर ओरडलेलं असतं, काय चाललंय ते कोणी सांगितलेलं नसतं. मग कळा सुरू झाल्या तरी ती पाय उचलत नाही. तो उशीर तिच्या ओळखीच्या माणसालाच कमी करता येतो.

हे नगर जिल्ह्यातल्या जामखेडला फार आधी कळलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्सबाईंना गावात ठेवून पाहिलं, ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र राहत, एकत्र जेवत. हातपंप दलित वस्तीत बसवायचा, म्हणजे पाण्यासाठी सगळं गाव तिकडे येईल, हाही तिथलाच विचार. आरोग्य आणि जात वेगळी सोडवता येत नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, करून दाखवलं. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ३९ गावांत तिथल्याच, थोडी शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला तयार केलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. ही बाळांची गोष्ट आहे. बाळामागून वार पडल्यावर रक्त थांबत नसेल तर आईसाठी रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन लागतं, रक्त लागतं, वेळेत निघणारी गाडी लागते. नुसत्या दाईला बाळंतपणाचं किट देऊन मातामृत्यू थांबत नाहीत. म्हणून मावशींना तसंच लेबर रूममध्ये उभं करा, असं माझं म्हणणं नाही. मला त्यांच्या लेकीला पूर्ण शिकलेली सुईण झालेलं पाहायचं आहे.

आणि तिथेच वाट अडते. २०१८ मध्ये केंद्राने सुईणसेवेसाठी १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. तेलंगणात असं प्रशिक्षण त्याआधीच, २०१७ साली सुरू झालं होतं. कळांच्या वेळी बाईला हवं तसं बसू द्यावं, हे त्यात शिकवतात. आनंदच आहे. पण त्याआधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, किंवा बी.एस्सी. नर्सिंग हवं, त्याआधी बारावी, तीही इंग्रजीसह. पाड्यावरची मुलगी आश्रमशाळेतून दहावीपर्यंत येते आणि इंग्रजीत अडकते. परीक्षा सोपी करा असं मी म्हणत नाही. तिला एक तयारीचं वर्ष द्या, विद्यावेतन द्या, वसतिगृहात जागा द्या, आणि शिकून झाल्यावर तिच्याच तालुक्यात नेमणूक द्या. आज तिला लांबच्या जिल्ह्यात पाठवतात आणि तिची भाषा तिथे कोणाच्याच कामाची नसते.

तुमच्यात धारणी-चिखलदऱ्याच्या सहा जणी आहेत, मला माहीत आहे. तुम्ही मागच्या बाकावर बसता, वर्गात कोरकूत बोलायला लाजता. उद्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास तुम्ही बाकीच्यांना शिकवायचं. पोट, कळ, पाणी, रक्त, 'थांब', 'घाबरू नको'. प्राचार्यांशी मी बोलून ठेवलं आहे. पुढच्या बाकावर मी वही घेऊन बसणार आहे.