आधी भावाकडे जा

पडद्यावर दिसते ती प्राचीन यरुशलेम नगराची १:५० या प्रमाणात घडवलेली दगडी प्रतिकृती असून ती आज तेथील इस्राएल संग्रहालयाच्या आवारात आहे. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या मंदिराचे अंगण आणि त्यातली वेदी नीट पाहून घ्यावी, कारण बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितलेला प्रसंग याच वेदीसमोरचा आहे. दान घेऊन आलेल्या माणसाला तेथे आठवते की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे. येशू त्याला सांगतो की दान तसेच वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन ते अर्पण कर.

येशूचे हे बोलणे ऐकणारे बहुतेक उत्तरेकडील गालील प्रांतातले होते. तेथून यरुशलेम शंभराहून अधिक किलोमीटर, म्हणजे पायी तीन-चार दिवसांची वाट. सणासाठी एवढी मजल मारून आलेल्या माणसाने वेदीपाशी पोहोचल्यावर मागे फिरायचे, गावी जाऊन भावाचे दार ठोठवायचे आणि पुन्हा तितकेच चालत यायचे, हे त्या श्रोत्यांना किती जड वाटले असेल, याचा विचार आपण फार क्वचित करतो.

त्यातही राग भावाच्या मनात आहे, दान आणणाऱ्याच्या मनात नाही. तो राग रास्त आहे की नाही, याची चौकशीसुद्धा येथे होत नाही. याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात उलट बाजू येते. तेथे अपराध भावाने केला आहे, आणि तरीही येशू ऐकणाऱ्यालाच सांगतो की तू जा, आणि दोघेच असताना त्याची चूक त्याला दाखव. म्हणजे चूक माझी असो वा त्याची, उंबरठा मीच ओलांडायचा. आपल्या घरांत मात्र भावाची तक्रार आधी मावशीकडे, मग व्याह्यांकडे जाते आणि ज्याच्याशी बोलायचे, त्याच्या कानावर ती सर्वांत शेवटी पडते. नाती मोडतात ती पुष्कळदा या फेऱ्यात, असे मला मनापासून वाटते.

मात्र समेट नुसत्या गोड शब्दांनी होत नाही. लबाडीने घेतलेली वस्तू पूर्ण परत करावी, वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा आणि हे दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दलचे अर्पण आणण्याच्या, दिवशीच करावे, असा बायबलमधील लेवीयाच्या पुस्तकातील नियम आहे. यरीहो नगराचा मुख्य जकातदार जक्कय याने तर, कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन, असे सांगितले. येशूला पाहण्यासाठी तो ज्या झाडावर चढला, त्याला मराठी बायबलमध्ये उंबर म्हटले आहे. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट परकी वाटत नाही.

आता पडद्यावर आपलेच एक शेत आहे. दोन भावांच्या वाटण्या झालेल्या आहेत आणि मध्ये गवत वाढलेला बांध आहे. पूर्वजांनी घातलेली जुनी मेर, म्हणजे हद्द, सारू नको, असे बायबलमधील नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात म्हटले आहे. बांध कोरणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. दर नांगरटीला नांगराचे एखादे तास भावाच्या हद्दीत सरकते, काही वर्षांत हातभर जमीन जाते आणि मग एका ताटात जेवलेली माणसे मोजणीच्या दिवशी एकमेकांकडे न बघता उभी राहतात.

अशा शेताच्या मालकाला रविवारी उपासनेत दानाची पिशवी समोर आल्यावर तो बांध आठवला, तर त्याने काय करावे, हे वेदीपुढच्या दानाच्या त्या वचनात स्पष्ट आहे. भावाच्या ओसरीवर जावे, त्याने बस म्हटले नाही तरी उभ्यानेच बोलावे, आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन, त्याच्या देखत, हद्दीचा दगड जुन्या जागी रोवावा.