आळंदीचा अजानवृक्ष

इंद्रायणीवरून महाद्वारातून आत आलं, की पावलं दर्शनबारीकडे वळतात. माउलींच्या देवळाच्या आवारातल्या दोन झाडांपाशीही थांबायला हवं.

पहिलं झाड सुवर्णपिंपळाचं. माउलींचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, तेव्हा आई रुक्मिणीबाईंनी याच पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या, असं परंपरा सांगते.

दुसरा अजानवृक्ष. वडासारखा अवाढव्य नाही. मध्यम उंची, राखाडी साल, बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके, पुढे वाटाण्याएवढी फळं. वनस्पतिशास्त्रात याची जात एहरेशिया लीव्हिस. रानात ओळखणारे दातरंग म्हणतात.

शके 1218, म्हणजे 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी इथे समाधी घेतली. त्यांच्या हातातल्या दंडाला पालवी फुटली आणि हे झाड झालं, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

पुढे जवळपास तीनशे वर्षं गेली. पैठणला एकनाथ महाराजांच्या स्वप्नात माउली आले. म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. नाथ आले, झाडोऱ्यात हरवलेली समाधी त्यांनी शोधली. ही आख्यायिका झाली. पण शके 1506, म्हणजे 1584 साली, नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ही नोंद त्यांनी स्वतः ग्रंथाच्या शेवटी करून ठेवली आहे. नकला करता करता शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि बजावलं, की यात जो पदरची ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. आधी कंठाची मुळी सोडवली, मग त्या कंठातल्या ओव्या मोकळ्या केल्या. या दोन गोष्टी परंपरेनं शेजारी ठेवल्या, त्यात मला तिचं मोठं शहाणपण दिसतं.

म्हणून या झाडाखाली वाचायचं असतं. पुढ्यात ठवणी, ठवणीवर पोथी, ओवीवर बोट. कुणी मोठ्यानं म्हणतं, कुणाचे नुसते ओठ हलतात. शेजारच्याचा अध्याय वेगळा, चाल वेगळी, तरी कुणाची लय मोडत नाही. लिहिता-वाचता येत नसलेल्या म्हाताऱ्या बायका नुसत्या ऐकायला बसतात, आणि पुढची ओवी त्यांना पाठ असते. वाचताना पोथीवर झाडाचं पान पडलं, तर ते प्रसाद म्हणून जपलं जातं.

कार्तिकी वारीत इथे बसायला जागा मिळणं कठीण. शांतपणे वाचायचं असेल तर वारी सोडून या, आणि घरची पोथी सोबत आणा. पान मात्र तोडू नका. गळलेलं मिळालं तर घ्या.