सव्वा मिलिमीटरची कड

(दृश्य: अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं एक गॅरेज. फेब्रुवारीतली संध्याकाळ. लाकडी बाकाला बोल्टने आवळलेली, काडतुसं पुन्हा भरायची हाताची प्रेस.)

दांडा खाली ओढला तेव्हा काहीच कळलं नाही. परत वर नेताना मात्र तो मध्येच अडला. काकांनी जरा जोर लावला, 'टक्' असा आवाज झाला आणि दांडा एकदम हलका पडला. प्रेसचा दांडा असा अचानक हलका झाला की समजायचं, काहीतरी तुटलं.

काकांनी वाकून पाहिलं. शेलहोल्डरच्या, म्हणजे पुंगळीचा तळ धरणाऱ्या तुकड्याच्या, खाचेत पितळेची चंद्रकोरीएवढी कपची राहिली होती. बाकीची काडतुसाची पुंगळी वर, डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, पोटात घट्ट बसलेली. त्यानंतर ते जे बोलले ते या निवेदनात घेता येणार नाही.

हे आमचे शेजारी. इथल्या पद्धतीप्रमाणे समोर मी त्यांना नावानेच हाक मारतो, पण घरात आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. उभा जन्म लेथवर गेलेला माणूस. माझीही सुरुवात भोसरीतल्या एका टूलरूममधली, हातात कानस धरून. त्यामुळे आमचं जमतं. शनिवारी सकाळी ते रेंजवर निशाणेबाजीला जातात आणि आठवडाभर संध्याकाळी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत बसतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद आपल्या लोकांना माहीत नसणं साहजिक आहे.

(दृश्य: तळहातावर दोन पुंगळ्या. एक चकचकीत, एक काजळलेली.)

काडतूस झाडलं की गोळी जाते, दारू जळते. उरते ती पुंगळी. आपल्या वर्तमानपत्रांत 'घटनास्थळी सापडलेल्या रिकाम्या पुंगळ्या' असतात ना, त्याच या. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. धातूशास्त्रात या मिश्रणाचं नावच 'कार्ट्रिज ब्रास' आहे.

ही पुंगळी थर्टी-ऑट-सिक्सची. म्हणजे पॉइंट थर्टी कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात) आणि अमेरिकन लष्कराने स्वीकारलं ते साल, १९०६. लांबी ६३ मिलिमीटरच्या आसपास, तळाशी १२ मिलिमीटर व्यास. झाडताना आतल्या दाबाने ती बंदुकीच्या चेंबरच्या भिंतींवर फुगून बसते. नंतर थोडी आक्रसते, पण मूळ मापावर येत नाही. काही थाउ मोठीच राहते. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे वर्कशॉपमध्ये वावरलेल्यांना सांगायला नको. तेवढी फुगलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणायचं काम या पोलादी डायचं.

पुंगळी खालून वर डायमध्ये शिरते. तिचं अख्खं अंग पोलादाला घासतं. पितळ आणि पोलाद असे दाबाखाली कोरडे घासले की पितळ पोलादाला चिकटतं. म्हणून मध्ये वंगण हवं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला कार्बाइडची कडी असलेला डाय मिळतो, त्यात फक्त एक अरुंद पट्टा घासतो आणि वंगण न लावताही भागतं. रायफलच्या निमुळत्या मानेच्या पुंगळीला ती सवलत नाही.

आणि गंमत पाहा. आत ढकलताना प्रेस पुंगळीला पूर्ण तळाखालून रेटते. दांड्याची तरफ अशी आहे की शेवटी शेवटी जोर कितीतरी पट होतो, त्यामुळे कोरडी पुंगळीही आत जाते. बाहेर ओढायला मात्र शेलहोल्डरच्या हाती असते फक्त तळाची कड. तिची जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. आत घालणारा हत्ती आणि बाहेर काढणारा उंदीर. कड फाटणार नाही तर काय होईल?

(दृश्य: काकांच्या हातात फवाऱ्याची बाटली.)

आता ती कोरडी राहिलीच कशी? काका वंगण घरी बनवतात. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ, अल्कोहोलमध्ये विरघळवायचं आणि पुंगळ्यांवर फवारायचं. बाटलीचं झाकण उघडलं की ओल्या घोंगडीचा वास येतो. मला तर थेट गावच्या धनगरवाड्यात गेल्यासारखं वाटलं. पण अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावं लागतं. ते उडालं तरच मागे लॅनोलिनचा थर राहतो. ओली पुंगळी दिसायला छान वंगण लावलेली दिसते, पण पोलाद दाबायला लागलं की पातळ द्रव बाजूला सरकतो.

काका एरवी थांबतात. त्या दिवशी थांबले नाहीत, कारण खिडकीतला उजेड जात होता आणि मीच मागून म्हणत होतो, "लवकर, लवकर." तेव्हा दोष कोणाचा ते उघड आहे.

अडकलेली पुंगळी पाहून पहिला विचार येतो हातोड्याचा. डायच्या मधून पुंगळीत उतरणारा, टोकाला पिन असलेला एक दांडा असतो, त्यावर वरून चार ठोके घातले की निघेल. काही कंपन्यांच्या डायमध्ये हा दांडा नुसता चिमट्यात धरलेला असतो, तिथे तो ठोकून पुंगळी बाहेर काढता येते. काकांच्या डायमध्ये दांडा आट्यांचा आहे. त्यावर ठोकलं तर आटे जातील आणि पिन वाकेल.

दुसरा विचार फ्रीझरचा. पितळ पोलादापेक्षा थंडीने जास्त आक्रसतं, हे खरं. पण किती? १२ मिलिमीटर व्यासाला ४० अंश थंड केलं तर दोघांतला फरक पडतो मिलिमीटरच्या हजार भागांतले जेमतेम चार भाग. माणसाचा एक केस याच्या पंधरा-वीस पट जाड असतो. माझ्या मते फ्रीझरचा उपयोग एवढाच की डाय गार होईपर्यंत माणूसही गार होतो.

(दृश्य: बेंच व्हाइस. डाय उलटा, तळ वर. लाकडाचे दोन तुकडे जबड्यात.)

डायला बाहेरून आटे असतात, व्यास सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला १४ आटे. ते चेपू नयेत म्हणून व्हाइसच्या जबड्यात लाकूड. मग काकांनी आतला दांडा सैल करून जेवढा मागे जाईल तेवढा मागे घेतला, नाहीतर ड्रिल नेमकं त्याच्या पिनवर जाऊन बसतं. डोळ्यांवर गॉगल. त्यानंतर टॉर्च मारून तळ पाहिला. तळाच्या मधोमध प्रायमरचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बारक्या वाटीचा, खळगा असतो. प्रायमर आधीच निघालेला होता, खळगा रिकामा. तिथे जिवंत प्रायमर असता तर काकांनी ड्रिलला हातही लावला नसता.

पुंगळीच्या भिंती वर पातळ होत जातात, पण तळ भरीव. सगळा दाब तोच पेलतो. कड तुटली तरी हा तळ शाबूत आहे, आणि पकड मिळणार ती तिथेच.

सात नंबरचं ड्रिल, व्यास ५.१ मिलिमीटर. मोठ्या रायफल प्रायमरचा खळगा ५.३. म्हणजे ड्रिल खळग्यात अलगद उतरतं आणि आपोआप मधोमध बसतं, पंच मारायची गरज नाही. खळग्याच्या तळाशी दोन मिलिमीटरचं भोक आहे, ठिणगी जायची वाट. तेच भोक ड्रिल मोठं करतं. हे माप ज्याने पहिल्यांदा जुळवलं त्याला माझ्याकडून एक कटिंग चहा.

(दृश्य, अगदी जवळून: टॅप फिरतोय. सोनेरी कीस.)

मग पाव इंची टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. भोसरीत आम्ही दोन सुती म्हणायचो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. इथे घाई केली आणि टॅप आत मोडला तर कडक पोलादाचा तुकडा पितळेत अडकतो, आणि मग दुखण्यापेक्षा औषध जड. टूलरूममध्ये माझा पहिला टॅप मोडला तेव्हा आमचे चार्जमन नुसते बघत राहिले होते. ते बघणं अजून आठवतं. काकांचा हात मात्र एका लयीत चालला होता.

यासाठी तयार संच बाजारात मिळतात. ड्रिल, टॅप, एक पोकळ टोपी आणि अॅलन स्क्रू. काकांनी पान्याच्या सेटमधली एक सॉकेट घेतली, जिच्या तोंडातून पुंगळीचा तळ आत जाईल पण जिची कड डायवर टेकेल. पुंगळीत आट्यांची सळई पिळली, वरून सॉकेट, जाड वायसर, नट. आट्यांना ग्रीस. सळई स्थिर धरून फक्त नट फिरवायचा, म्हणजे पितळेतल्या कोवळ्या आट्यांना पीळ बसत नाही, नुसता ओढा बसतो.

(दृश्य: पान्यावर हात. निवेदन थांबतं. फक्त आवाज.)

इंचाला २० आटे. म्हणजे नटाच्या एका फेऱ्याला पुंगळी सव्वा मिलिमीटर वर येणार. तुटलेली कड जेवढी जाड होती, बरोबर तेवढी.

पहिला पाव फेरा ढेकर दिल्यासारखा. दुसऱ्याला पान्याखालून करकर. मग चट्कन आवाज, आणि नट बोटाने फिरायला लागला. पुंगळी किंचित निमुळती आहे, तळाशी जाड, खांद्याशी बारीक. ती एवढीशी जरी सरकली तरी सगळ्या भिंती एकाच वेळी सुटतात.

(दृश्य: बाहेर आलेली पुंगळी. अंगावर उभे ओरखडे. मानेजवळ तपकिरी-निळसर झाक.)

मानेवरच्या या रंगाची गोष्ट आपल्या पावसाशी जोडलेली आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकायची. ती तबेल्यांत साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया ताणाखालच्या पितळेला फोडत होता. हे नीट उलगडलं १९२१ मध्ये. उपाय म्हणजे पितळ तापवून आतला ताण काढणं. आपला तांबट ठोकून कडक झालेलं भांडं पुन्हा भट्टीत घालतो, तसंच. लष्करी पुंगळीच्या मानेवर त्या तापवण्याची झाक दिसते. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. पण ही गोष्ट मला ओहायोत कळली. अमोनिया असलेलं पॉलिश काका पुंगळ्यांना कधीच लावत नाहीत.

डायच्या आत पितळेची एक रेघ चिकटली होती. ती ठेवली तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटणार. काकांनी कापसाला पॉलिशची पेस्ट लावून ती घासून काढली. पॉलिश पेपर नाही, त्याने डायचंच माप जाईल. टॉर्च, पेस्ट, पुन्हा टॉर्च. यात गेला पाऊण तास, पुंगळी काढायला लागला त्यापेक्षा जास्त.

उजेड केव्हाच गेला होता. काकांनी नव्या पुंगळ्या ट्रेमध्ये मांडल्या, फवारा मारला, ट्रे हलवला, पुन्हा फवारला. मग स्टूल ओढून बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

(दृश्य: ट्रेमध्ये ओल्या पुंगळ्या. कॅमेरा हलत नाही. पाच मिनिटं.)