हलकं कार्ट्रिज आणि खाली न येणारा टोनआर्म

(कॅमेऱ्यासमोर. शेजारी टर्नटेबल, वीज बंद.)

नमस्कार मंडळी! हे बघा. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हा दांडा. याच्या मागचं तोल साधणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, पार टेकूला भिडेपर्यंत पुढे आणलंय, आणखी जागाच नाही. तरी आर्मचं तोंड वरच, शेपटी जड. टर्नटेबल बिघडलेलं नाहीये. कार्ट्रिज, म्हणजे पुढचा सुईवाला भाग, हलकं आहे, एवढंच.

हे टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२. याचा आर्म ६ ते १० ग्रॅमच्या कार्ट्रिजसाठी बेतलाय. ऑर्टोफॉनचं २एम रेड ७.२ ग्रॅमचं, ते आरामात बसतं. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई ६.१ ग्रॅम, म्हणजे अगदी काठावर. पण मी लावलंय ऑर्टोफॉन ओएम १०, ५ ग्रॅमचं. त्यातही २.५ ग्रॅम म्हणजे नुसती वरची धातूची पट्टी, काढता येणारी. हलक्या आर्मवाले ती काढतात. तुम्ही या आर्मवर अजिबात काढू नका.

(क्लोज-अप: आर्मची मागची बाजू)

आधी इथे बघा. जड कार्ट्रिजसाठी मागच्या टोकाला एक जादा वजन बसवता येतं. सेकंडहँड मशीन असेल तर आधीच्या मालकानं ते तसंच ठेवलेलं असू शकतं. असेल तर काढा, कदाचित तेवढ्यावरच काम होईल.

नाही झालं, तर मार्ग दोन: मागचं वजन हलकं करा, नाहीतर पुढे वाढवा. हलकं काउंटरवेट लावलं की त्यावरच्या, सुईचा दाब ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या आकड्यांच्या कड्याचा काही उपयोग राहत नाही. ते आकडे मूळ वजनाच्या हिशोबानं छापलेत. वजन दोन तृतीयांश केलंत, तर कडं १.५ दाखवेल आणि सुईवर पडेल १ ग्रॅम. एवढ्या कमी दाबानं सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते, आणि त्यानं रेकॉर्डच खराब होते.

म्हणून मी पुढे वाढवतो. हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज जिथे बसतं तो भाग, आणि कार्ट्रिजच्या मध्ये बसणारा पत्रा मिळतो, तो घातला की हा आर्म ३.५ ते ६.५ ग्रॅमचं कार्ट्रिज घेतो. स्क्रू मात्र थोडे लांब लागतील. आणि कृपा करून रुपयाचं नाणं चिकटवू नका! आपली नाणी लोहचुंबकाला चिकटतात, कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो. पितळ किंवा ॲल्युमिनियम चालेल.

पण हात आखडता ठेवा. पुढे वजन वाढलं की आर्म आणि सुईची मिळून जी नैसर्गिक कंपनं असतात, ती मंदावतात. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवीत. ओएम १० च्या सुईचा आधार मऊ, लवचिक आहे, त्यामुळे ती आधीच मंद; इथे तारेवरची कसरत. कंपनं फार मंदावली, तर जरा वाकडी रेकॉर्ड लावली की आर्म डोलायला लागतो. तोल साधेल इतकंच वजन घाला.

पत्र्यामुळे कार्ट्रिज खाली आलं, तेव्हा आर्मची उंची तेवढीच वाढवा. मग अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मची आतल्या बाजूची ओढ सावरणारी सोय, शून्यावर, सुईचं टोपण काढलेलं, आर्म मोकळा. काउंटरवेट फिरवत आर्म आडवा तरंगू द्या. आता वजन धरून ठेवा, नुसतं कडं शून्यावर आणा.

(क्लोज-अप: कडं)

आता दोन्ही एकत्र फिरवून कडं १.५ वर आणा, म्हणजे सुईवर १.५ ग्रॅम दाब. खात्रीसाठी सुईचा दाब मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. शेवटी अँटी-स्केटिंगही १.५ वर. चला, रेकॉर्ड लावूया.